सिंहगड ते रायगड: सात दिवसांचा रेंज ट्रेक, आखणीपासून पाचाडपर्यंत

सह्याद्रीतला मोठा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेवरून एकामागून एक गड जोडत केलेली अनेक दिवसांची चाल, बहुतेक वेळा चौथ्या दिवशी फसतो. पहिले दोन दिवस उत्साह चालवतो, तिसरा दिवस हट्ट चालवतो, आणि चौथ्या दिवशी टाचेचा फोड, कमी पडलेलं पाणी, न झालेली झोप आणि गटातली धुसफूस एकदम वर येते. म्हणून आठवडाभराची आखणी करताना पहिला प्रश्न हा असावा: चौथ्या दिवशी आपल्यातला सगळ्यात सावकाश चालणारा माणूस कसा असेल? उरलेलं सगळं नियोजन त्या उत्तराभोवती करा.

सिंहगड, राजगड, तोरणा आणि मग घाटमाथ्यावरून नाळेनं (कड्यातल्या अरुंद, दगडधोंड्यांच्या उभ्या घळीनं) कोकणात उतरून रायगड, ही वाट अशा आठवड्यासाठी आम्हाला सगळ्यात योग्य वाटते. धारेवरची, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावरची, लांब चाल आहे, गडांवर टाक्यांचं पाणी आहे, मध्ये वस्त्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक दिवशी कुठेतरी गाडीरस्ता गाठता येतो. शेवटी स्वराज्याच्या पहिल्या राजधानीकडून दुसऱ्या राजधानीकडे पायी पोचता येतं. राजगड आणि रायगड हे दोन्ही २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

कधी जायचं

डिसेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारीची अखेर. ऑक्टोबरात पाणी भरपूर असतं, पण गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, वाट दिसत नाही आणि ऊन घामानं निथळवतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून उघड्या धारेवरची दुपार त्रासाची होते, वणवे सुरू होतात, टाक्यांतलं पाणी तळाला जातं. पावसाळ्यात या वाटेचा नाळेतला भाग करूच नये. पाण्यासोबत दगड येतात आणि तिथून बाजूला व्हायला जागा नसते.

डिसेंबरात साधारण सातला उजाडतं आणि सहाला मावळतं, म्हणजे हातात अकरा तास. त्यातले चालायचे सात किंवा आठच धरा. उरलेले वाट चुकण्यासाठी, जेवणासाठी आणि मुक्कामी उजेडात पोचण्यासाठी. रात्री गडावर पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, त्यात वारा. पातळ स्लीपिंग बॅग लागतेच.

निघण्याचा वार रविवार ठेवा. सिंहगडावर गर्दी भेटेल, पण राजगड सोमवारी आणि तोरणा मंगळवारी मिळेल. शनिवार-रविवारी राजगडाच्या चोर दरवाजाच्या कातळात रांग लागते आणि पाठीवर भरलेली सॅक घेऊन त्या रांगेत उभं राहणं धोक्याचंही आहे. रायगड शनिवारी येतो, घरी रविवार मोकळा.

गट आणि सराव

पाच ते आठ जण. चारांत एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी थांबतो, दोघं मदतीला जातात आणि हाताशी कुणीच उरत नाही. दहाच्या वर गेलात की वस्तीतल्या घरी जेवणाची आणि झोपण्याची सोय होत नाही, आणि नाळेत दगड पडण्याचा धोका माणसांगणिक वाढतो.

दोन कामं नावानिशी वाटून द्या. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे दमदार आणि शांत डोक्याचा. मागच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, लघवीला थांबलेलाही नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्यानं थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. मित्रांच्या गटात हा नियम पहिल्याच दिवशी सैल पडतो आणि वाट चुकण्याच्या बऱ्याच घटना तिथूनच सुरू होतात. सावकाश चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा. मागे ठेवलं की तो पोचतो तेव्हा बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला ती मिळतच नाही.

सराव आठ आठवडे. आठवड्यात तीन दिवस जिने किंवा टेकडी, पाऊण तास, पाठीवर आधी चार आणि पुढे आठ किलो. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा, कारण गुडघे आणि मांड्या उतारावर जातात. निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांनी मिळून एक दोन दिवसांचा ट्रेक भरलेल्या सॅकसह करावा. कुणाचे बूट चावतात, कोण घोरतं, कोण दुपारी चिडतं, हे तेव्हाच कळलेलं बरं.

सॅकमध्ये काय, किती

पाणी धरून सॅक बारा किलोच्या आत. साठ किलोच्या माणसाला दहा बस. पन्नास लिटरची सॅक पुरते. मोठी घेतली तर ती भरली जातेच. वजनदार सामान पाठीलगत आणि मधोमध ठेवा, स्लीपिंग बॅग तळाशी. कमरेचा पट्टा हाडावर आवळला तर खांदे मोकळे राहतात. तो नुसता लोंबत ठेवून चालणारे दुसऱ्या दिवशी मान धरून बसतात.

कपड्यांचे दोन जोड चालायला, एक कोरडा फक्त झोपायला. तो कोरडा जोड दिवसा कधीही अंगावर घालायचा नाही. मोजे चार जोड. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण कारवी आणि करवंदीच्या जाळीतून जाताना हात ओरबाडतात. विंडचीटर, कानटोपी, टोपी, कॅरीमॅट, हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, चमचा-ताट-मग. गटात मिळून तीस मीटर दोर, त्याला तीन-चार स्लिंग (पट्ट्यांचे फासे) आणि कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), आणि तो वापरता येणारी किमान दोन माणसं. दोर आहे पण कुणाला गाठ येत नाही, अशा गटात तो दोर नुसतं ओझं असतो.

फोन विमान मोडवर. नकाशा आणि वाटेचा जीपीएस ट्रॅक आधी उतरवून घेतलेला, दोन वेगवेगळ्या फोनमध्ये. वीस हजार एमएएचची एक पॉवर बँक तिघांना पुरते. पाचव्या दिवशीच्या मुक्कामाच्या मोहरी गावाच्या भागात फोनला रेंज मिळेल असं धरूच नका. घरच्यांना रोजच्या मुक्कामाची नावं लिहून द्या आणि फोन कधी येणार नाही तेही सांगा. आणीबाणीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, आणि अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या बचाव समन्वयाचा क्रमांक निघण्यापूर्वी शोधून प्रत्येकाच्या खिशात कागदावर असू द्या.

पाय

या विषयाला सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि ट्रेक सगळ्यात जास्त वेळा याच कारणानं मोडतो. नवे बूट घालून निघू नका. किमान ऐंशी किलोमीटर त्यांवर चाललेलं असावं. बूट नेहमीपेक्षा अर्ध्या नंबरानं मोठा घ्या, कारण दुपारनंतर पाय सुजतो आणि उतारावर अंगठा पुढे आदळून नख काळं पडतं. नखं निघण्याच्या तीन दिवस आधी सरळ कापा, कोपरे गोल करू नका.

उतारापूर्वी नाडी पुन्हा बांधायची, ती अशी. टाच मागे ठोकून पाय बुटात मागे बसवा. नाडी खालपासून घोट्यापर्यंत ओढून घट्ट करा. वरच्या शेवटच्या दोन छिद्रांत त्याच बाजूनं नाडी ओवून छोटा फासा तयार करा, समोरच्या बाजूची नाडी त्या फाशातून काढा आणि मग आवळा. टाच जागची हलत नाही, अंगठा पुढे घसरत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, नख वाचतं.

फोड येण्याआधी त्या जागी जळजळ होते. ती जाणवली की पुढच्या विसाव्याची वाट न पाहता तिथेच थांबा, बूट काढा, कातडी कोरडी करा आणि कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. लाजून किंवा गट थांबेल म्हणून पुढे ढकललेली ती पाच मिनिटं पुढचे चार दिवस खातात. फोड झालाच आणि दुखत असेल तर रात्री निर्जंतुक सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी काढू नका, मलम आणि पट्टी. दुपारच्या थांब्यात बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला ठेवा आणि मोजे बदला. ओले मोजे सॅकच्या बाहेर अडकवले की चालता चालता वाळतात.

शिधा

सहा जणांसाठी हिशेब देतो. वस्तीच्या मुक्कामी घरी सांगून जेवण मिळतं, पण आगाऊ कळवायला हवं. सहा जणांची भाकरी कुणी ऐन वेळी कुठून थापणार? स्वतः रांधायची जेवणं धरा तीन: राजगड, तोरणा आणि एक राखीव. खिचडीला माणशी ११० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम मूगडाळ, म्हणजे तिन्ही जेवणांना मिळून दोन किलो तांदूळ आणि ९०० ग्रॅम डाळ. घरीच निवडून, मसाला-हळद-मीठ घालून तीन वेगळ्या पिशव्या बांधा. २०० ग्रॅम तूप घट्ट झाकणाच्या डबीत. सकाळच्या चार न्याहाऱ्यांसाठी ८५० ग्रॅम भाजलेला रवा आणि तेवढेच पोहे.

दुपारी चूल मांडायची नाही. पहिले दोन दिवस दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, नंतर खाकरा, मेतकूट, भाजलेले चणे, कांदा. चालताना चघळायला प्रत्येकाचा स्वतःचा एक किलोचा पुडा: गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. दिवसाला १५० ग्रॅम याप्रमाणे तो सात दिवस पुरतो. भूक लागायच्या आधी, दर तासाला थोडं खा. नुसतं गोड तिसऱ्या दिवशी नकोसं होतं, म्हणून खारे दाणे आणि लिंबाचं लोणचं जवळ असू द्या. ते मीठही भरून काढतं.

२३० ग्रॅमचे दोन गॅस कॅनिस्टर एवढ्याला पुरतात, तिसरा राखीव. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले आणि पातेल्याभोवती पत्र्याचा वारारोधक लावला तर गॅस बराच वाचतो. बर्नर आणि कॅनिस्टर दोन्ही मात्र त्या पत्र्यानं पूर्ण बंदिस्त करू नका, कॅनिस्टर तापतो. लाकूड पेटवायचं नाही. जानेवारीतलं वाळलेलं गवत एका ठिणगीनं डोंगर पेटवतं.

पाणी

माणशी तीन लिटर वाहण्याची सोय, राजगड-तोरण्याच्या दिवशी चार. अर्धा लिटर चालायला लागण्याआधीच प्या. ते पोटातून वाहून न्यायचं, पाठीवर नाही. टाक्यातलं पाणी आधी चौपदरी सुती फडक्यातून गाळा, मग क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेंब नीट काम करत नाहीत, म्हणून गाळणं आधी. टाक्यात हात-पाय धुऊ नका, भांडी बुडवू नका. बाटलीला दोरी बांधून वरूनच पाणी शेंदा.

दर दुसऱ्या लिटरला ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. घामातून मीठ जात असताना नुसतं पाणी पीत राहिलं तर गोळे येतात, डोकं जड होतं, मळमळतं. लघवी गडद पिवळी होणं हा पहिला इशारा. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, तर चाल तिथेच थांबवा. सावली, ओलं फडकं मानेला-काखेत, वारा, आणि शुद्धीवर असेल तरच घोटघोट पाणी.

दिवस पहिला: सिंहगड ते विंझर

पुण्यातून पीएमपीएमएलच्या बसनं पायथ्याला, आतकरवाडीहून चढायला दीड ते दोन तास. सकाळी सातला चढायला लागा. वर देवटाक्याचं पाणी भरून घ्या, पिठलं-भाकरी खा आणि साडेदहाच्या आत कल्याण दरवाजातून बाहेर पडा. पुढची धारेवरची चाल उघड्यावरची आहे, चढउतार करत विंझरकडे उतरते. सॅकसह पाच-सहा तास धरा. पहिल्या दिवशी सगळे भराभर चालतात. पुढच्यानं मुद्दाम हळू चालावं, इतकं की मागे गप्पा चालू राहतील. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

विंझर किंवा पुढे साखर, गुंजवणे या गावांत मुक्काम. डांबरी रस्त्याचा तुकडा जीपनं गेलात तरी काही बिघडत नाही. डांबरावरची चाल तळव्यांना फोड देण्यात सगळ्यात पटाईत.

दिवस दुसरा: राजगड

गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट, अडीच ते तीन तास. शेवटचा कातळ रेलिंग धरून चढायचा. सॅकचे बाहेर लोंबणारे पट्टे, मॅट, बाटल्या आधी आवळून घ्या, त्या अडकल्या की तोल जातो. ज्याला उंचीची भीती वाटते त्यानं पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट घ्यावी.

दुपार गड पाहायला ठेवा. पद्मावती माचीवर सामान ठेवून बालेकिल्ला, मग सुवेळा माचीवरचं नेढं (कातळातलं आरपार भोक). संजीवनी उद्या वाटेतच आहे. गडावर मुक्कामाचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात गुंजवण्यातल्या लोकांना विचारा. परवानगी नसेल तर गड पाहून पाली दरवाजानं उतरा, खाली मुक्काम करा आणि सकाळी तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याहून तोरणा चढा. धारेची चाल हुकते, पण आठवडा बिघडत नाही.

दिवस तिसरा: राजगड ते तोरणा

या आठवड्यातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात कोरडा दिवस. सात-आठ तास. वाटेत भरवशाचं पाणी नाही. खिंडीजवळ कुणी सरबत विकायला असलं तर नशीब, त्यावर हिशेब बांधू नका. चार लिटर म्हणजे चार लिटर.

संजीवनी माचीवरून आळू दरवाजातून बाहेर पडल्यावरचा उतार उभा आणि घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या मातीगोट्यांचा आहे. इथे टाच रुतवून, गुडघे किंचित वाकवून, पावलं आडवी टाकत उतरा. मागे झुकलात की पाय सुटतो. गवताचा झुबका आधार म्हणून धरू नका, जानेवारीत तो मुळासकट येतो. कारवीचं खोड बुंध्याशी धरलं तर टिकतं.

पुढे जंगल, मग धार, मग भुतोंड्याच्या खिंडीत डांबरी रस्ता. रस्ता ओलांडताना घड्याळ पाहा. इथे दुपारचे बारा वाजून गेले असतील, किंवा कुणाचंही पाणी दीड लिटरच्या खाली असेल, तर तोरण्याची धार धरू नका. रस्त्यानं वेल्ह्याला जा. पुढे बुधला माचीपर्यंत सावली नाही, शेवटचा चढ कातळाचा आहे आणि तो अंधारात करायचा नाही. हा निर्णय खिंडीतच घ्यायचा. अर्ध्या धारेवर तो घेता येत नाही.

वाट ओळखण्याबद्दल इथेच सांगतो, कारण ढोरवाटा याच धारेवर जास्त फसवतात. माणसांच्या वाटेवरचे दगड बुटांनी घासून गुळगुळीत आणि फिकट झालेले असतात. कडेच्या फांद्या छातीच्या उंचीला कोयत्यानं तिरक्या छाटलेल्या दिसतात. ढोरवाटेवर शेण असतं, ती उताराला आडवी जाते, आणि शे-दोनशे पावलांवर चार फाटे होऊन गवतात विरते. शिवाय तिथल्या फांद्या कमरेच्या वर मोकळ्या नसतात, गुरं खालून जातात आणि माणसाला वाकावं लागतं. वाट विरली तर पुढे शोधत बसू नका. शेवटच्या खात्रीच्या जागी गटाला बसवा, दोघांनी सॅकशिवाय दहा मिनिटं पुढे जाऊन पाहून यायचं. दहा मिनिटांत नाही सापडली तर परत.

बुधला माचीवरून कोकण दरवाजानं गडात. मेंगाई देवीच्या मंदिरात मुक्काम, नियम इथलेही आधी विचारून. तोरणा १४०३ मीटर उंच आहे, रात्रीचा वारा बोचतो.

दिवस चौथा: उतरायचं आणि थांबायचं

आजचा दिवस मुद्दाम अर्धा ठेवा. सकाळी गड पाहा, झुंजार माची लांबून पाहिली तरी चालेल. मग बुधल्याकडून भट्टी-गेळगणीच्या बाजूला उतरा. ही उतराई फारशी मळलेली नाही, तेव्हा वाटाड्या आदल्या दिवशीच फोन करून ठरवा. दुपारपर्यंत वस्तीत पोचा. आंघोळ, कपडे धुणं, स्लीपिंग बॅग उन्हात, पायांची तपासणी, दोन तास झोप. ज्याचं काही गंभीर दुखतंय त्यानं इथून जीपनं वेल्ह्याला आणि पुण्याला जावं. उद्यानंतर बाहेर पडणं अवघड होत जातं.

वस्तीत ज्यांच्या ओसरीवर राहता त्यांना जेवणाचे आणि राहण्याचे पैसे आधी विचारून, न घासाघीस करता द्या. सुटे पैसे जवळ हवेत. पाणी जपून वापरा, इथल्या बाईनं ते डोक्यावरून आणलेलं असतं. पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. काही द्यायचंच असेल तर वह्या शाळेत नेऊन द्या.

दिवस पाचवा: मोहरी

कुसारपेठ, सिंगापूर या गावांच्या बाजूनं मोहरी. पल्ला लांब, चढ कमी, काही ठिकाणी रस्ता. सहाला हेडटॉर्च लावून निघा. पाय जड असतील तर रस्त्याचा भाग गाडीनं करा, उद्यासाठी ताकद जास्त मोलाची आहे. मोहरीत वाटाड्याशी बसून संध्याकाळीच ठरवा: उद्या बोराट्याची नाळ की सिंगापूरची?

आमचं मत स्पष्ट आहे. गटातल्या प्रत्येकानं आधी नाळ किंवा घळ उतरलेली असेल, दोर हाताळता येत असेल, सगळ्यांचे गुडघे शाबूत असतील, तर बोराट्याची. एकाचंही उत्तर नाही असेल तर सिंगापूर नाळ. ती गावकऱ्यांच्या वापरातली, जास्त सोपी आहे, आणि दापोली गावाकडे उतरते (रत्नागिरी जिल्ह्यातली दापोली वेगळी).

दिवस सहावा: नाळ

पहाटे आधी रायलिंगचं पठार, तासाभराची चाल. लिंगाणा हा सुळक्यासारखा किल्ला इथून पश्चिमेला अगदी समोर उभा आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्याच्या अंगावर येतं आणि मागे रायगड दिसतो. कड्याच्या टोकाशी वाळलेलं गवत निसरडं असतं. शेवटचे तीन मीटर बसूनच जा.

नऊच्या सुमारास नाळेत शिरा. नाळ पश्चिमेकडे उतरते, सकाळी सावली असते. इथे खरा धोका वरून येणाऱ्या दगडाचा आहे. दोन किंवा तीन जण अगदी जवळजवळ उतरतात, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग घ्यायला अंतर मिळत नाही. बाकीचे भिंतीच्या आडोशाला थांबतात. पहिली जोडी आडोशाला पोचून हाक देते, मग दुसरी. कुणाच्याही पायाखालचा दगड सुटला, मुठीएवढा असला तरी, मोठ्यानं "दगड!" ओरडायचं. ऐकणाऱ्यानं वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं, सॅक डोक्यावर. हेल्मेट असतील तर इथेच त्यांची किंमत कळते. मोठ्या धोंड्यावर वजन टाकण्याआधी तळव्यानं ढकलून पाहा. उडी कुठेही मारायची नाही. बसून, पाठ टेकवून, पाय खाली पोचवून उतरा, गरज तिथे सॅक दोरानं वेगळी खाली सोडा.

बोराट्याच्या नाळेनं उतरलात तर पुढे लिंगाण्याची खिंड लागते. लिंगाण्याची चढाई हा प्रस्तरारोहणाचा वेगळा विषय आहे, या ट्रेकच्या थकलेल्या पायांनी तो काढू नका. खिंडीतून लिंगणमाचीकडे जाणारी आडवी वाट अरुंद, घसाऱ्याची आणि एका बाजूला दरीची. घाबरलेला माणूस डोंगराला चिकटून झुकतो आणि नेमके त्यामुळे त्याचे पाय बाहेर घसरतात. सरळ उभं राहायचं, वजन तळव्यांवर, नजर पुढच्या दोन पावलांवर. संशय असेल तिथे दोर लावा, वेळ गेला तरी चालेल.

या बाजूच्या तापलेल्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो. आकारानं लहान, रंगानं मातीसारखा. हात जिथे ठेवता तिथे आधी डोळे जाऊ द्या. दंश झाला तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून रस्त्याला आणि तिथून प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. म्हणून नाळेतली "दगड!" ही हाक गरजेपुरतीच. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड-मान झाकून तिथून लांब व्हा, काटे नखानं खरवडून काढा.

मुक्काम लिंगणमाची किंवा पाने. हवा एकदम दमट आणि गरम झालेली जाणवेल, पाणी पुन्हा वाढवा.

दिवस सातवा: रायगड

पानेहून रायगडवाडी, आणि चित दरवाजाच्या बाजूनं पायऱ्यांनी वर, सॅकसह अडीच तास. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या असतात, तेच तेच स्नायू दमतात. दर दहा मिनिटांनी पाय बदलून आधी डावा, मग उजवा पुढे टाका. सामान खाली विश्वासाच्या घरी ठेवता आलं तर पाणी आणि खाऊ एवढंच घेऊन चढा. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, तिकीट लागतं.

महादरवाजा, गंगासागर, राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर, आणि वेळ उरला तर टकमक टोक, याला तीन तास द्या. जगदीश्वराच्या बाजूला महाराजांच्या समाधीपाशी बूट काढून बसा. सात दिवसांत तोरणा, राजगड आणि लिंगाणा पायाखालून किंवा नजरेसमोरून गेलेले असतात. हवा स्वच्छ असेल तर इथून पूर्वेला घाटमाथ्याची ती सगळी भिंत दिसते आणि आपण कुठून उतरलो ती नाळ बोटानं दाखवता येते.

गुडघे बोलत असतील तर उतरायला रोपवे घ्या, त्यात कमीपणा नाही. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथे थांबून मग महाडची गाडी पकडा. महाडहून मुंबई-पुण्याच्या एसटी मिळतात, शेवटच्या गाडीची वेळ आदल्या रात्री पानेतच विचारून ठेवलेली असावी. घरी पोचल्यावर सॅक बाल्कनीतच रिकामी करा, काखा, कंबर आणि गुडघ्यामागे गोचीड बघा, आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात राहून आल्याचं आवर्जून सांगा.